थडग्यांवरील अक्षरे आणि आपले विस्मृत पूर्वज

दिंडोरीचे नाव इतिहासाच्या पुस्तकांत येते ते बहुधा एका लढाईच्या निमित्ताने. सुरतेच्या दुसऱ्या स्वारीवरून परतताना ऑक्टोबर १६७० मध्ये शिवाजी महाराजांनी वाट अडवू पाहणाऱ्या मोगल सरदार दाऊदखान कुरेशीचा वणी-दिंडोरीच्या परिसरात पराभव केला. सेनानायकांची नावे बखरींनी जपली. त्या दिवशी जे साधे शिपाई या मातीत पडले, त्यांची नावे मात्र आज कुणाच्या ओठी नाहीत.

महाराष्ट्रात गावोगावी वेशीजवळ वा देवळाच्या आवारात वीरगळ उभे असतात. खालच्या चौकटीत लढाई, वरच्या चौकटीत स्वर्गारोहण आणि माथ्यावर सूर्य-चंद्र. कोरणाऱ्याची इच्छा स्पष्ट आहे: आकाशात सूर्य-चंद्र आहेत तोवर या वीराचे स्मरण राहावे. सूर्य-चंद्र आहेत, दगडही आहे. परंतु बहुसंख्य वीरगळांवर नाव नाही. ज्या घराला ते नाव ठाऊक होते, ते घरही काळाच्या ओघात विखुरले. आता तो कुणाचा तरी वीरगळ आहे, एवढेच आपण म्हणू शकतो.

आपण ख्रिस्ती लोक मृतांच्या उशाशी क्रूस उभारतो आणि त्यावर नाव लिहितो. त्यामुळे आपले पूर्वज विस्मृतीतून वाचले, असा आपला समज असतो. तो समज कितपत खरा आहे, हे तपासून पाहावे या हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहोत. आमचे म्हणणे थोडक्यात असे: नाव टिकते ते दगडाच्या बळावर नव्हे, तर ते वेळीच उतरवून घेणाऱ्या माणसामुळे. हे काम सरकार करणार नाही, परदेशी अभ्यासकही करणार नाहीत. ते धर्मग्रामातील कुटुंबांनाच करावे लागेल.

पवित्र शास्त्रातील स्मृतिशिला

मृतांच्या जागी दगड उभारण्याची रीत पवित्र शास्त्राला परकी नाही. बेथलेहेमच्या वाटेवर राहेल प्रसूतिवेदनांत निवर्तली, तेव्हा याकोबाने तिच्या कबरेवर स्तंभ उभारला, असे उत्पत्तीच्या पुस्तकात आहे. यार्देन नदी ओलांडल्यावर यहोशवाने नदीच्या पात्रातून बारा दगड आणवून रचले, त्यामागचे कारण तर फारच मार्मिक आहे. पुढे मुले विचारतील की हे दगड कशाचे, तेव्हा वडिलांनी त्यांना सांगावे, यासाठी ते दगड होते. म्हणजे दगडाचे काम प्रश्न जागा करण्याचे. उत्तर देण्याचे काम माणसाचे. उत्तर देणारा उरला नाही, तर यार्देनेकाठचे ते दगडही नदीतले साधे धोंडेच ठरले असते.

ईयोबाने आपल्या दुःखाच्या पराकाष्ठेत एक इच्छा बोलून दाखवली आहे. आपले शब्द लोखंडी लेखणीने आणि शिशाने खडकात कायमचे कोरले जावेत, असे त्याला वाटले. त्याचे शब्द आपल्यापर्यंत पोहोचले खरे, परंतु कोणत्याही खडकावरून नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या लेखकांनी ते हाताने उतरवून घेतले, म्हणून ते पोहोचले.

तोबीताच्या पुस्तकातील तोबीत आपला जीव धोक्यात घालून स्वजनांची बेवारस प्रेते पुरत असे. मृतांना मूठमाती देणे हे ख्रिस्तसभेने दयेच्या शारीरिक कृत्यांमध्ये गणले आहे. मूठमाती देऊन झाल्यावर त्यांचे नाव राखणे हा त्याच कृत्याचा पुढचा भाग आहे, असे आम्ही मानतो.

आयर्लंडने काय गमावले आणि काय वाचवले

थडग्यांवरील लेख पद्धतशीरपणे उतरवून घेण्याचे काम जगात ज्या देशांनी मनावर घेतले, त्यांत आयर्लंडचे नाव अग्रभागी आहे. आपल्याप्रमाणेच तोही श्रद्धाळू, दुष्काळाने पोळलेला आणि स्थलांतराने विखुरलेला समाज. १८८८ मध्ये कर्नल फिलिप व्हिगर्स यांच्या पुढाकाराने तेथे मृतांच्या स्मृतिचिन्हांचे जतन करणारी एक संस्था स्थापन झाली. गावोगावच्या हौशी सभासदांनी आपापल्या भागातील जुन्या दफनभूमींतील लेख वाचावेत, ते जसेच्या तसे लिहून पाठवावेत आणि संस्थेने ते छापावेत, असा तिचा क्रम होता. तो चाळीसहून अधिक वर्षे चालला.

या कामाचे मोल १९२२ मध्ये कळून आले. आयर्लंडच्या यादवी युद्धात ३० जून १९२२ रोजी डब्लिनमधील 'फोर कोर्ट्स' या इमारतसमूहात प्रचंड स्फोट झाला आणि तेथील सरकारी अभिलेखागार जळून खाक झाले. १८२१ ते १८५१ या काळातील जनगणनेची बहुतेक कागदपत्रे राख झाली. १८६१ ते १८९१ ची जनगणनेची पत्रके त्यापूर्वीच सरकारी हुकमाने नष्ट करण्यात आली होती. प्रॉटेस्टंट 'चर्च ऑफ आयर्लंड'च्या शेकडो धर्मग्रामांच्या नोंदवह्या सुरक्षित राहाव्यात म्हणून राजधानीत आणून ठेवल्या होत्या. त्याही त्या आगीत गेल्या. कॅथलिक धर्मग्रामांच्या वह्या मात्र ज्या त्या धर्मग्रामातच राहिल्या होत्या, म्हणून त्या वाचल्या. परंतु कॅथलिकांवरील जुन्या दडपशाहीच्या कायद्यांमुळे ग्रामीण भागातील पुष्कळ वह्या १८२० नंतरच सुरू होतात. त्यापूर्वीच्या पिढ्यांसाठी अनेक घरांना एकच आधार उरला: गवतात बुडालेला, शेवाळलेला एखादा दगड, आणि तो झिजण्यापूर्वी कुणीतरी करून ठेवलेली त्याची नक्कल.

हे काम पंडितांनीच केले असेही नाही. बेलफास्टचे एक वैद्यकीय प्राध्यापक, आर. एस. जे. क्लार्क, यांनी १९६६ पासून काउंटी डाऊनमधील थडग्यांचे लेख प्रसिद्ध करण्यास आरंभ केला आणि त्या एका जिल्ह्याचे वीसहून अधिक खंड सिद्ध झाले. अमेरिकेत वा ऑस्ट्रेलियात जन्मलेला आयरिश माणूस आपल्या पणजोबाचे गाव शोधतो, तेव्हा असे खंड त्याच्या हाती दिवा देतात.

आपल्या देशातही ब्रिटिश अमदानीत अशा याद्या झाल्या. बंगालची १८९६ मध्ये, मद्रासची १९०५ मध्ये आणि मुंबई इलाख्याची १९१२ मध्ये सरकारी छापखान्यातून निघाली. त्या उपयुक्त आहेत. तथापि त्यांत मुख्यतः आहेत ते साहेब लोक: लष्करी अधिकारी, कलेक्टर, व्यापारी, त्यांच्या पत्नी आणि बालके. आपल्या आजोबा-पणजोबांची नावे त्यांत शोधू जाल, तर निराशाच पदरी येईल. त्यांची यादी करावी असे तेव्हा कुणाला वाटले नाही.

वसईच्या फरशा

मराठी मुलखात ख्रिस्ती थडग्यांचे जुने लेख पाहायचे, तर वसईच्या किल्ल्यात जावे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि तेथील पोर्तुगीज सत्ता संपली. मठ आणि मंदिरे ओस पडली. परंतु मंदिरांच्या जमिनीत बसवलेल्या पोर्तुगीज लेखांच्या फरशांपैकी पुष्कळ तेथेच राहिल्या. गोव्यात जन्मलेले आणि मुंबईत वैद्यकी करणारे डॉ. जे. जर्सन द कुन्हा यांनी त्यांतील लेख वाचून १८७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चौल आणि वसईवरील आपल्या इंग्रजी ग्रंथात छापले.

जेज्वीट मंदिरातील दोन लेख आम्हाला विशेष मोलाचे वाटतात. एक आहे इझाबेल द आगियार या विधवेचा. ती १५९१ मध्ये निवर्तली आणि तिने तेथील विद्यालयाला उदार हस्ते साहाय्य केले होते. दुसरा आहे दोना फिलिपा द फोन्सेका या विधवेचा. तिचा मृत्यू १६२८ मधला. आपले सर्वस्व तिने हयातीतच मंदिराला दिले होते. वसईच्या कप्तानांची आणि व्हाइसरॉयांची चरित्रे पुष्कळ मिळतात. या दोन स्त्रियांचे कर्तृत्व मात्र एकेका फरशीवर येऊन थांबले होते. आज छप्पर गेलेल्या त्या मंदिरांत चार महिने पाऊस कोसळतो आणि वर्षभर पर्यटकांची पावले पडतात. फरशी झिजली तरी त्या दोघींची नावे आता झिजणार नाहीत, कारण सुमारे दीडशे वर्षांपूर्वी एका डॉक्टराने गुडघे टेकून ती वाचली आणि कागदावर उतरवली.

शरणपूरचा विद्यार्थी

वसई आपल्यापासून दूर. पण दिंडोरीहून नाशिकला जाणाऱ्या प्रत्येकाच्या परिचयाच्या शरणपूर रस्त्याला याच विषयाचा एक विलक्षण दुवा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडच्या चर्च मिशनरी सोसायटीने नाशिकजवळ ख्रिस्ती लोकांची वसाहत वसवली. तिचे नाव शरणपूर. रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस हे तिचे आधारस्तंभ. अरबी समुद्रात गुलामांची जहाजे पकडून ब्रिटिश आरमार ज्या आफ्रिकी मुलांची सुटका करी, त्यांच्यापैकी अनेकांना शरणपूरला आश्रय मिळाला. तेथे त्यांना लेखन-वाचन, सुतारकाम, लोहारकाम शिकवले जाई. परदेशी लेखक त्यांना 'नाशिकची मुले' म्हणून ओळखत.

जेकब वेनराइट हा त्यांच्यापैकीच एक. प्रसिद्ध संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या मदतीसाठी १८७२ मध्ये आफ्रिकेच्या अंतर्भागात जी तुकडी पाठवण्यात आली, तिच्यात नाशिकच्या काही जणांसह तो होता. १८७३ च्या मे महिन्याच्या आरंभी, आजच्या झांबियातील चितांबोच्या गावी, लिव्हिंग्स्टन यांचा अंत झाला. सोबत्यांनी त्यांचे हृदय तेथेच एका झाडाखाली पुरले. वेनराइटने प्रार्थना वाचली आणि झाडाच्या खोडावर मृताचे नाव व तारीख कोरली. त्यानंतर त्या निष्ठावंतांनी देह समुद्रकिनाऱ्यापर्यंत महिनोन्‌महिने वाहून नेला. तो इंग्लंडला नेणाऱ्या प्रवासात वेनराइट सोबत होता आणि १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर अॅबीत झालेल्या दफनविधीच्या वेळी शवपेटिकेला हात देणाऱ्यांत तोही होता.

पुढे ते झाड कुजू लागले, तेव्हा १८९९ मध्ये लेखाचा भाग कापून लंडनला नेण्यात आला आणि तो तेथील रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीकडे जतन केला गेला. त्या लेखात ४ मे ही तारीख आहे. पुस्तकांत मात्र बहुधा १ मे ही मृत्यूची तारीख दिलेली आढळते. नक्कल करणाऱ्या प्रत्येकाने यातून एक नियम शिकावा. लेखात जे आहे तेच लिहावे. पुस्तकाशी जुळत नाही म्हणून आकडा बदलू नये. मतभेद असेल तर तो वेगळ्या ओळीत नोंदवावा. कोरलेल्या तारखेत चूक असू शकते, पण ती त्या दिवशी तेथे उभ्या असलेल्या माणसाने केलेली नोंद आहे आणि म्हणून ती स्वतःच एक पुरावा आहे.

वेनराइट स्वतः १८९२ मध्ये पूर्व आफ्रिकेत वारला. ज्याच्या हाताने दुसऱ्याचे नाव जगापुढे आले, त्याचे नाव आज नाशिकच्या किती ख्रिस्ती घरांत ठाऊक आहे?

आपल्या दफनभूमीचे वास्तव

आता आपल्या अंगणात येऊ. नाशिक, ओझर, दिंडोरी या पट्ट्यातील कॅथलिक कुटुंबांचा इतिहास स्थलांतराचा आहे. अनेकांची मुळे अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात आणि मराठवाड्यात आहेत. तेथे जर्मन भाषक जेज्वीट धर्मगुरूंनी खेड्यापाड्यांत काम उभारले. १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळात असंख्य घरे उद्ध्वस्त झाली. १९०३ मध्ये फादर हेन्री डोरिंग यांनी 'निरोप्या' मासिक सुरू केले, ते याच भूमीत. पुढे उपजीविकेसाठी माणसे पांगली. कुणी मनमाड-इगतपुरीच्या रेल्वेत, कुणी देवळालीच्या छावणीत, कुणी नाशिक रोडच्या छापखान्यांत, तर १९६४ नंतर कुणी ओझरच्या विमान कारखान्यात लागले. नाशिक धर्मप्रांत १९८७ मध्ये स्वतंत्र झाला. त्यापूर्वी हा प्रदेश पुणे धर्मप्रांतात होता. परिणामी एकाच घरातील पणजोबा गोदावरीच्या खोऱ्यातील एखाद्या खेड्यात, आजोबा रेल्वेच्या गावी आणि वडील नाशिकला विसावले आहेत. नातवाला तिन्ही जागा ठाऊक असतीलच, अशी खात्री उरलेली नाही.

त्यातही दगड लाभला तो थोड्यांनाच. आपल्या खेड्यांतील दफनभूमी नीट पाहिल्यास मृतांची आर्थिक स्थिती सहज वाचता येते. ज्यांना परवडले त्यांच्यावर संगमरवरी पाटी; ज्यांना तेवढे नव्हते त्यांच्यावर शहाबादी फरशी; त्याहून गरीब असतील, तर सिमेंटच्या ओल्या थरावर खिळ्याने ओढलेली अक्षरे; आणि बहुसंख्यांच्या वाट्याला आला तो रंगाने नाव लिहिलेला लाकडी क्रूस. हा क्रूस चार-पाच पावसाळे काढतो. रंग आधी जातो, मग वाळवी लागते. जागा अपुरी असलेल्या दफनभूमीत काही वर्षांनी तीच जागा दुसऱ्यासाठी पुन्हा खणली जाते. त्यात कुणाचा दोष नाही. जिवंतांप्रमाणे मृतांनाही जागा अपुरी पडू लागली आहे. परंतु त्या फावड्याबरोबर जुन्या मृताची शेवटची खूणही निघून जाते.

स्त्रियांची स्थिती याहून वेगळी आणि अधिक खेदजनक आहे. ज्यांच्यावर दगड आहे, त्यांच्यापैकी काहींवर 'अमुक यांची पत्नी' एवढाच उल्लेख असतो. पतीचे नाव पूर्ण, पतीची नोकरी लिहिलेली, आणि जिच्यासाठी दगड बसवला तिचे स्वतःचे नाव, माहेर, गाव काहीच नाही. सोळाव्या शतकातील वसईच्या विधवेला आपल्या नावाची फरशी मिळाली. विसाव्या शतकातील आपल्या आजीला ती मिळाली नाही. तान्ह्या बालकांच्या मातीच्या लहान उंचवट्यांवर तर बहुधा काहीच नसते.

दगड नाहीसा झाला तरी लेखी नोंद राहिली, तर नाव राहते, याचा दाखला पुण्याजवळ खडकी येथे आहे. तेथील युद्धस्मारक दफनभूमीत पहिल्या महायुद्धाच्या काळात भारतात मरण पावलेल्या १,८०० हून अधिक सैनिकांची नावे एका स्मारकावर एकत्र कोरली आहेत. या उपखंडातील निरनिराळ्या शहरांतील आणि छावण्यांतील त्यांच्या मूळ कबरींची निगा राखणे अशक्य झाले होते. कबरी राखता आल्या नाहीत, परंतु यादी होती. म्हणून नावांना पुन्हा जागा मिळाली. आपल्या खेड्यांतील मृतांची अशी यादी कोण करणार?

लेख कसा उतरवावा

या कामाला खर्च जवळजवळ नाही. लागते ती चिकाटी आणि थोडी शिस्त.

प्रथम धर्मगुरूंची परवानगी घ्यावी आणि दफनभूमीचा एक साधा नकाशा काढावा. प्रवेशद्वार, मोठा क्रूस, विहीर, झाडे या खुणा दाखवून रांगांना अनुक्रम द्यावा आणि प्रत्येक कबरीला क्रमांक द्यावा. नाव नसलेल्या कबरीलाही क्रमांक द्यावा. तिची आज ओळख नसली, तरी उद्या एखादी आजी येऊन ती सांगू शकेल.

दगड वाचण्याची वेळ सकाळची वा सायंकाळची. तिरपे ऊन अक्षरांच्या कडांवर सावली पाडते आणि दुपारी जे कोरे वाटते ते स्पष्ट होते. झाडाखालच्या दगडावर आरशाने बाजूने उजेड टाकावा किंवा तिन्हीसांजेला विजेरी आडवी धरावी. माती काढायला मऊ ब्रश आणि साधे पाणी पुरे. तारेचा ब्रश, आम्ल, धुण्याचा सोडा, खडू वा चुना यांपैकी काहीही दगडाला लावू नये. काळा पाषाण टणक असतो, पण शहाबादी फरशीचे पापुद्रे सुटतात. संगमरवर पावसाच्या पाण्याने हळूहळू विरघळतो आणि अक्षरे उथळ होत जातात. अशा दगडाला घासून 'स्वच्छ' करणे म्हणजे उरलेला लेखही पुसून टाकणे होय. छावण्यांच्या जुन्या दफनभूमींत शिशाची अक्षरे बसवलेली थडगी आढळतात. शिसे गळून पडले असले, तरी ते बसवण्यासाठी पाडलेल्या बारीक छिद्रांच्या रचनेवरून अक्षर ओळखता येते.

नक्कल दोघांनी करावी. एकाने मोठ्याने वाचावे, दुसऱ्याने लिहावे. मग जागा बदलून ताडून पाहावे. लेखातील ओळ जेथे संपते, तेथे वहीतही ओळ संपवावी. ऱ्हस्व-दीर्घ चुकलेले असेल तर तसेच ठेवावे. 'मरियम', 'मार्या', 'मेरी' यांपैकी जे कोरले असेल तेच लिहावे. वाचता न आलेले अक्षर अंदाजाने न भरता तेथे टिंबे द्यावीत. झिजलेल्या देवनागरी आकड्यांत १ आणि ९, तसेच ३ आणि ६ यांची गल्लत हमखास होते, म्हणून संशय असेल तेथे प्रश्नचिन्ह घालावे. दगडाचा प्रकार, क्रूसाची घडण, खाली बारीक अक्षरांत कोरलेले कारागिराचे वा दगड बसवणाऱ्या नातलगाचे नाव, हेही टिपावे. आता प्रत्येक घरात मोबाइलवर छायाचित्र काढता येते. ते अवश्य काढावे, परंतु त्यावर विसंबू नये. छायाचित्रात न दिसणारे अक्षर बोटाला लागते.

वहीशी आणि वृद्धांशी जोड

दगडावरून जेथवर जाता येते, तेथून पुढची वाट धर्मग्रामाच्या नोंदवहीत आहे. बाप्तिस्मा आणि विवाह यांच्या नोंदी ठेवण्याचा दंडक त्रेंतच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये घातला. १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने मृतांच्या नोंदीचाही नमुना दिला. १९८३ च्या धर्मसंहितेनुसारही दफनानंतर मृतांच्या वहीत नोंद करणे आवश्यक आहे. शिवाय बाप्तिस्म्याच्या नोंदीच्या कडेला दृढीकरण आणि विवाह यांची टीप घालण्याची तरतूद आहे. ही व्यवस्था वंशशोधाला मोठी उपकारक ठरते. थडग्यावरील तारखेवरून मृतांची वही उघडावी. तेथे वय मिळाले की बाप्तिस्म्याचे वर्ष ठरते. बाप्तिस्म्याच्या नोंदीत आई-वडील व धर्ममातापिता यांची नावे असतात, आणि कडेच्या टिपेवरून विवाह कोणत्या धर्मग्रामात झाला ते कळते. दगडाने जिचे नाव गाळले, त्या पत्नीचे नाव तिच्या मुलांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत भेटते.

जुन्या वह्या पुष्कळदा लॅटिनमध्ये आहेत, हे ध्यानात ठेवावे. घरात जो 'योसेफ' तो तेथे 'योसेफुस' होतो आणि खेड्याचे नाव परक्या लिपीत ओळखू येईनासे होते. वही पाहायची ती धर्मगुरूंच्या अनुमतीने आणि त्यांच्या कार्यालयातच. घरी नेण्याचा आग्रह धरू नये. तिच्यात काही कुटुंबांच्या नाजूक बाबीही असतात. त्या आपल्या शोधाचा विषय नव्हेत. अलीकडे निवर्तलेल्यांविषयीची माहिती नातलगांना विचारल्यावाचून छापू नये.

तिसरा आधार वृद्धांच्या स्मरणाचा, आणि तो सर्वांत आधी संपणारा आहे. नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे' लिहिली, म्हणून एका ख्रिस्ती घराचे सुख-दुःख, रुसवे-फुगवे, उपास-तापास मराठी वाचकाला लाभले. प्रत्येक घरात लक्ष्मीबाई नसते. परंतु 'त्या चिंचेखाली तुझी मोठी आत्या आहे, देवीच्या साथीत गेली' असे सांगणारी आजी पुष्कळ घरांत आहे. तिला दफनभूमीत नेऊन, खुर्ची टाकून, शांतपणे ऐकावे आणि क्रमांकासमोर तिचे शब्द लिहावेत. 'सांगणाऱ्याचे नाव' आणि 'सांगितल्याचा दिवस' हे दोन रकाने विसरू नयेत.

दगड, वही आणि स्मरण यांपैकी कोणतेही एक अपुरे आहे. तिन्ही एकमेकांना सावरतात. तयार झालेल्या यादीच्या तीन प्रती कराव्यात: एक धर्मग्रामाच्या दप्तरात, एक धर्मप्रांताच्या कार्यालयात आणि एक गावातील एखाद्या जबाबदार घरी. डब्लिनने शिकवलेला धडा हाच आहे, की सर्व कागद एकाच छपराखाली ठेवू नयेत.

नावाने हाक

कुणी विचारील, मृतांना नावाची काय गरज? परमेश्वराला ती सारी ठाऊक आहेत. हे खरेच आहे. यशया संदेष्ट्याच्या ग्रंथात देव आपल्या प्रजेला नावाने हाक मारतो, आणि त्याच्या स्मरणातून कुणी गळत नाही. यादीची गरज देवाला नाही. ती आपल्याला आहे. १९६३ मध्ये ख्रिस्तसभेने दहनाला अनुमती दिली आणि २०१६ मध्ये पुन्हा स्पष्ट केले, की अस्थी विखरू नयेत, पवित्र जागी ठेवाव्यात. त्यामागे एक कारण असेही आहे, की मृत व्यक्ती समाजाच्या प्रार्थनेतून आणि स्मरणातून वगळली जाऊ नये. ज्याचे नावच हरवले, त्याच्यासाठी नाव घेऊन मिस्सा कशी अर्पण करणार?

शिवाय आपल्या समाजाविषयी एक प्रश्न वारंवार विचारला जातो: तुम्ही येथले कधीपासून? त्याचे उत्तर आवेशाने देण्याची आवश्यकता नाही. ज्या मातीत आपल्या चार पिढ्या नावानिशी विसावल्या आहेत, त्या मातीची एक नीट लिहिलेली वही पुरेशी आहे.

२ नोव्हेंबरला, मृत भाविकांच्या स्मृतिदिनी, आपण दफनभूमीत जातो. गवत काढतो, कबरी सारवतो, फुले वाहतो, मेणबत्त्या लावतो. या वर्षी मेणबत्तीसोबत एक वही आणि पेन्सिल न्यावी, अशी आमची धर्मग्रामातील प्रत्येक कुटुंबाला विनंती आहे. आपल्या माणसाचा लेख उतरवून झाला की शेजारच्या कबरीचाही उतरवावा, कारण तिच्याजवळ त्या दिवशी कदाचित कुणीच आलेले नसेल. मुलांना वाचायला सांगावे. यहोशवाच्या दगडांप्रमाणे ती विचारतील, की हे कोण होते. त्या वेळी सांगण्याजोगे काही आपल्यापाशी असावे.